किल्ली ठेव, गोळी घे

माझ्या पाठीत आयुष्यात एकदाच लाथ बसली आहे, आणि तीही मी हात जोडून मागून घेतली होती. लाथ मारणाऱ्या काकू तेव्हा साठीच्या घरात होत्या, माझ्या घरमालकीण होत्या, आणि लाथ मारण्याआधी त्यांनी माझ्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागितली होती.

काकू पायाळू होत्या. म्हणजे जन्माला येताना त्यांचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागाहून. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. भोपाळमध्ये तीन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांतून खूप काही गेलं. मुलं आपसांत हिंदीतच भांडायला लागली, पुरणपोळी वर्षातून एकदाच होऊ लागली, पण ही समजूत मात्र कुठे गेली नाही. अरेरा कॉलनीत कुणाच्या पाठीत चमक भरली, कुणाची मान धरली, की तो माणूस कडेकडेने, एक हात कमरेवर ठेवून काकूंच्या ओट्यावर हजर व्हायचा.

आणि तिथेच त्याची पंचाईत व्हायची. कारण काकू दार अर्धं उघडून विचारायच्या, "चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"डॉक्टरची. आधी डॉक्टर, बाद में पाय."

एकदा एक निवृत्त हेडमास्तर आले होते. ओट्याच्या कठड्याला धरून उभे, चेहरा पांढरा. म्हणाले, "बाई, आधी पाय तर लावा, मग जातोच डॉक्टरकडे."

"बिलकुल नाही," काकू म्हणाल्या. "पायाने बरं वाटलं की तुम्ही डॉक्टरकडे जाणार नाही. आणि दुखण्याचं कारण मूत्रपिंडात निघालं, तर माझा पाय तिथपर्यंत पोचत नाही."

हेडमास्तर कण्हत रिक्षात बसले आणि डॉक्टरकडे गेले. संध्याकाळी चिठ्ठी घेऊन परत आले, सतरंजीवर पालथे पडले, आणि काकूंनी डाव्या पायाचा चवडा त्यांच्या कमरेला तीनदा अलगद लावला. त्याला लाथ म्हणणं ही माझी अतिशयोक्ती आहे. पण आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे 'लाथ' असंच म्हणत, आणि 'काकूंची लाथ खाल्ली' हे जरा मिरवूनच सांगत.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "काकू, खरंच काही होतं का हो पाय लावून?"

"होतं ना," त्या म्हणाल्या. "माणूस पाच मिनिटं पालथा पडून राहतो. हलत नाही, बोलत नाही, फोन बघत नाही. आणि तेवढ्यात मला त्याची चिठ्ठी वाचता येते."

चिठ्ठी वाचणं हा त्यांचा खरा धंदा. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं औषधं दिली होती. कारखाना पुढे बंद पडला, काकूंची खिडकी गेली, पण खिडकीतून विचारायची सवय तशीच राहिली. मूळच्या त्या उज्जैनच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी जबलपूरला नांदत होती. बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्याची एक खोली त्या भाड्याने देत. मी अमरावतीहून नोकरीसाठी आलो तेव्हा ती मला मिळाली, तीही मुलाखतीनंतर. पहिला प्रश्न माझ्या नोकरीबद्दल नव्हता. "तुमच्या घरात औषधांचा डबा आहे का?" असा होता.

"आहे," मी म्हणालो.

"आणि उरलेल्या गोळ्या?"

"त्याच डब्यात असतात. लागतात कधीतरी कुणाला."

"हं," काकू म्हणाल्या, आणि मला वाटलं खोली गेली. पण त्यांनी दिली. पुढे कळलं की हे उत्तर खरं देणारा मी पहिलाच होतो.

मंडळातल्या बायकांना हा त्रास दरवर्षी संक्रांतीला व्हायचा. यजमान गेल्यावरही काकूंनी चालू ठेवलेल्या हळदीकुंकवाला जाताना गजरा नसला तरी चालायचं, पण घरातल्या उरलेल्या, मुदत टळलेल्या गोळ्या घेऊन जावं लागे. दारातच लोणच्याची एक मोठी रिकामी बरणी ठेवलेली असायची. गोळ्या बरणीत, मग हातावर तिळगूळ. मुंबईहून नव्याने आलेल्या एक बाई हे पाहून अवाक झाल्या होत्या. काकू त्यांना समजावत होत्या, "अगं, तुझ्या नवऱ्याला आराम पडला म्हणून तू त्याची गोळी जावेला देतेस, जाऊ तिच्या आईला देते. वाटायचाच तर तिळगूळ वाट ना. गोळ्या कशाला वाटायच्या?" नंतर त्या सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून, चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात जायच्या. ते कालवण आपण बघायला थांबलो तर काकूंना आवडायचं.

काकूंकडे क्रीम रंगाची एक जुनी स्कूटर होती. अंबाडा मानेवर खाली ओढून त्या हेल्मेट चढवायच्या, आणि वळायच्या आधी दिवा तर लावायच्याच, शिवाय अख्खा हात बाहेर काढून लांब करायच्या. एम. पी. नगरच्या चौकात, जिथे लोक रस्ता सोडून फुटपाथवरून गाड्या काढतात, तिथे हात लांब करून वळणारं हे एकच माणूस होतं. वेग असा की सायकलवाले ओलांडून जात. पण कुणाच्या मागे बसून जाणं त्यांना मान्य नव्हतं. "दुसऱ्याच्या मागे बसायचं मतलब आपली मान त्याच्या हातात द्यायची," असं त्या म्हणत. मुलगी जबलपूरहून आली की तिलाही मागे बसावं लागे.

हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी धरायला म्हणून त्या मला मागे बसवून बिट्टन मार्केटला नेत. भाव करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मेथीवाल्याने जुडीमागे दोन रुपये कमी केले तरी त्या गवार हातात घेऊन पुढचा वाद काढायच्या. फक्त एका कोपऱ्यात लिंबं, आलं, मिरच्या घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याशी त्या कधी घासाघीस करत नसत. तो सांगेल ते द्यायच्या, निवडूनसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. उरलेल्या तीन बोटांनी तो तराजूत लिंबं टाकायचा. मी तेव्हा एवढंच समजलो होतो की काकूंना त्याची दया येते.

माझ्या पाठीत उसण भरली ती नोकरीच्या पाचव्या महिन्यात. सहा महिने उमेदवारीचे होते. गोविंदपुऱ्यातल्या आमच्या लहानशा कारखान्यात पत्रा ठोकून कापणारी नवी पॉवर प्रेस बसवली होती आणि शनिवारी तिची चाचणी माझ्या हातून व्हायची होती. चाचणी नीट झाली की मी कायम होणार, असं मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरी वडील निवृत्त झालेले, बहिणीचं शिक्षण चालू. आणि मंगळवारी मी लोखंडी साच्याची पेटी उचलायला वाकलो तो तसाच राहिलो. दोघांनी धरून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी तपासलं, स्नायू आखडलेत म्हणाले, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या. पाच दिवस, जेवणानंतर, सकाळी एक आणि रात्री एक. त्यापुढेही ते बरंच काही बोलले. मी 'पाच दिवस' ऐकलं, शनिवार त्याच्या आतच येतो हे बोटांवर मोजलं, आणि बाकीचं माझ्या कानावरून गेलं.

चिठ्ठी घेऊन ओट्यावर गेलो. काकूंनी ती चष्म्याच्या आतून आणि मग चष्म्याच्या वरून वाचली. गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातून घेतलं, त्याच्यावर मार्करने माझं नाव घातलं आणि पाच दिवसांनंतरची तारीख घातली. मग हात पुढे केला.

"गाडीची किल्ली."

"का?"

"काम काय करतोस?"

"प्रेसवर. तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत असलं तरी विचारायचं असतं. गाडी चालवतोस?"

"हो."

"आणखी काय घेतोस? दारू, झोपेची गोळी, कुठलंही औषध?"

"काही नाही."

"मग ऐक. या गोळीने पाठ ढिली पडते, पण पाठीबरोबर डोकंही ढिलं पडतं. पाच दिवस गाडी नाही, मशीन नाही. किल्ली ठेव, गोळी घे. दोन्ही एकदम तुझ्याकडे राहणार नाहीत."

दाराच्या आत एक लाकडी खुंटी होती. तिच्यावर माझी किल्ली अडकली, आणि गोळ्यांचं पाकीटही काकूंकडेच राहिलं. मग मी सतरंजीवर पालथा पडलो, काकूंनी पाय लावला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

बुधवारी सकाळची गोळी घ्यायची राहून गेली. रात्री मी दोन मागितल्या. काकूंनी एकच दिली. "राहिली ती राहिली. एकादशी चुकली म्हणून द्वादशीला दोन उपास करतोस का?"

"तसे मी एकादशी करतच नाही, काकू."

"मग एका गोळीत भागव."

शुक्रवारपर्यंत पाठ सरळ झाली होती. उद्या चाचणी. शनिवारी सकाळी काकूंनी गोळी हातावर ठेवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "झोप येते का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

येत होती. डोळ्यांवर एक जड पापुद्रा असल्यासारखं दोन दिवस वाटत होतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसत होती, ती म्हणजे प्रेस, आणि प्रेसपाशी उभे असलेले मालक. काकू आंघोळीला गेल्या, आणि मी पेटीतून गाडीची दुसरी किल्ली काढून निघालो.

एम. पी. नगरच्या सिग्नलला मी थांबलो एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते असं की माझं पुढचं चाक एका पेरूच्या ठेल्यात घुसलं आहे, रस्त्यावर पेरूच पेरू लोळताहेत, आणि ठेलेवाला माझ्या हेल्मेटवर बोटाने टकटक करतो आहे.

"को खां, सो रिये थे क्या?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"अरे शुकर मनाओ मियां, अपना ठेला था. आगे टिरक होता तो?"

त्याने मला फुटपाथवर बसवलं, पाणी पाजलं, गाडी स्वतःच्या ठेल्याला साखळीने बांधून ठेवली. कुणाला काही लागलं नव्हतं. मला मात्र सुचेना काय करावं, म्हणून रस्त्यावर पडलेले सगळे पेरू विकत घेतले. दोन पिशव्या पेरू मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो.

काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पेरू पाहिले, रिक्षा पाहिली, खुंटीवरची किल्ली पाहिली. हात पुढे केला. मी दुसरी किल्ली त्यावर ठेवली.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. तो झाला असता तर बरं होतं. काकूंनी फक्त विचारलं, "आणखी काय घेतलंस?"

"काही नाही, काकू."

"नीट आठव. कालपासून पोटात काय काय गेलं?"

तेव्हा मला आठवलं. शिंका येत होत्या म्हणून मंडळातल्या एका मित्राने सर्दीची गोळी दिली होती. रात्री एक, सकाळी एक.

"पण ती सर्दीची हो. ती काय औषध आहे का?"

"झोप आणणाऱ्या दोन गोळ्या पोटात भेटल्या की त्या तुला विचारत नाहीत, तू कोणती औषधात मोजलीस आणि कोणती नाही," काकू म्हणाल्या. मग ताट बाजूला ठेवलं. "बस. एक सांगते."

कारखान्याच्या दवाखान्यात एक क्रेन चालवणारा आला होता. पाठ आखडलेली. डॉक्टरांनी याच जातीची गोळी लिहिली. काकूंनी मोजून पुडी बांधली, वर सकाळ-संध्याकाळ लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. रांग मोठी होती. तो माणूस थोडा रेंगाळला, बहुतेक त्याला काही विचारायचं होतं. मग गेला, गोळी घेतली आणि पाळीवर चढला. तारेच्या दोरात त्याची दोन बोटं गेली.

"चौकशी झाली," काकू म्हणाल्या. "माझ्यावर काही आलं नाही. गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती, कागद बरोबर होता. फक्त मी त्याला विचारलं नव्हतं की भैया, तू काम काय करतोस. त्या माणसाला तू ओळखतोस. आपण लिंबं घेतो त्याच्याकडून."

मी खाली बघत बसलो. माझ्या दहा बोटांकडे बघत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं. पॉवर प्रेस ही काय चीज आहे हे मला काकूंपेक्षा चांगलं माहीत होतं.

"आता साहेबाला फोन लाव," त्या म्हणाल्या.

"काकू, नोकरी जाईल."

"जाऊ दे. नोकरीला हात लागतात ना? ते आहेत तुझे."

मी फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं, पेरूंसकट. मालक दोन मिनिटं तोंडाला येईल ते बोलले. मग एकदम थांबले. म्हणाले, "तू आज प्रेसमध्ये हात घालणार होतास, झोपेत?" चाचणी पुढच्या आठवड्यात झाली. मी कायम झालो. आमच्या कारखान्यात त्यानंतर एक पाटी लागली, गोळी घेतली असेल तर आधी सांगा, मशीनवर जाऊ नका. ती पाटी माझ्या अक्षरात आहे. आणि आठवडाभर काकूंच्या घरी पेरूची कोशिंबीर, पेरूची भाजी आणि पेरूची चटणी होती. त्याबद्दलही कुणी कुरकुर करायची नाही असा हुकूम होता.

याला आता पंधरा वर्षं होत आली. माझं लग्न झालं, मी दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतला. काकू पंचाहत्तरीपार गेल्या. एम. पी. नगरात मेट्रोचे खांब उभे राहिले, त्यांच्यामधून काकू हात लांब करून वळतच राहिल्या. मुलगी फोनवर रडकुंडीला यायची. "तुम्ही तरी सांगा ना तिला," असं मला म्हणायची. मी? मी त्यांना काय सांगणार? त्यांनी मला हात दिले होते परत.

गेल्या हिवाळ्यात तुळशीची कुंडी सरकवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. फोन आला, "ये. चष्मा घेऊन ये."

खुर्चीत ताठ बसल्या होत्या, कारण वाकता येत नव्हतं. डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या अर्थातच. चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. वयामुळे डॉक्टरांनी मात्रा कमी ठेवली होती, फक्त रात्री, आणि पडायची भीती म्हणून उठताना धरून उठायला सांगितलं होतं. काकूंनी स्कूटरची किल्ली स्वतःहून माझ्यासमोर ठेवली.

"हं. विचार," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. "काकू, तुम्हाला काय विचारायचं?"

"माहीत असलं तरी विचारायचं असतं."

म्हणून मी, निव्वळ त्यांचं मन राखायला, विचारायला लागलो. काम काय करता? गाडी चालवता का? काकू शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होत्या. मग मी विचारलं, "आणखी काय घेता?"

मी वर बघितलं. काकू खिडकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अर्धी. रात्री."

"कसली अर्धी?"

"झोपेची. नऊ वर्षं झाली. सुरुवातीला लिहून दिली होती. मग... चालूच राहिली."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"काकू!"

"अरे, ती काय आता औषध राहिली आहे का? सवय आहे ती."

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचंच ऐकू आलं. मलाही आलं. ज्या बाईने अख्ख्या कॉलनीला, अनोळखी माणसांना, हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींना हा प्रश्न विचारला, तिला नऊ वर्षांत कुणीही तो उलट विचारला नव्हता. मीसुद्धा जवळजवळ विचारणार नव्हतो. त्या रात्री दोन्ही गोळ्या पोटात जाऊन काकू एकट्या घरात झोपल्या असत्या.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, नवी गोळी सुरूच करू नका, आणि जुनी मनाने एकदम बंदही करू नका, उद्या घरातली सगळी औषधं घेऊन या. दुसऱ्या दिवशी मी आणि काकू पिशवी घेऊन गेलो. स्नायूंची गोळी रद्द झाली. शेक, हलके व्यायाम आणि दुसरं एक साधं औषध यावर उसण दोन आठवड्यांत उतरली. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला घेतली, महिन्यांच्या हिशेबाने. तोवर गाडी बंद. किल्ली माझ्या घरी, दाराशी मुद्दाम ठोकलेल्या खुंटीवर.

ते महिने काकूंना फार जड गेले. रात्र-रात्र झोप लागायची नाही, सकाळी डोळे सुजलेले असायचे, चिडचिड व्हायची. पण एकदाही त्यांनी डॉक्टरांच्या पुढे पाऊल टाकलं नाही की मागे घेतलं नाही. दर रविवारी रिक्षाने माझ्याकडे यायच्या. खुंटीकडे बघायच्या. मी विचारायचो, "आणखी काय घेता?" आणि त्या सांगायच्या, अर्धीहून जरा कमी. मग, पाव. मग, एक दिवसाआड पाव. उन्हाळा सरला. एका रविवारी आल्या, चप्पल काढण्याआधीच म्हणाल्या, "काही नाही."

"काहीच नाही?"

"वीस दिवस झाले. डॉक्टरांनी सुट्टी दिली."

मला इतका आनंद झाला की मी चटकन किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. हाटाचा दिवस होता. वाटलं, आता हेल्मेट मागतील.

काकूंनी किल्ली मुठीत धरली. मग म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं तुझं."

"काय?"

"झोप येते का, ते."

मी हळूच विचारलं, "झोप येते का, काकू?"

"येते," त्या म्हणाल्या. "दुपारी बसल्या-बसल्या येते. परवा देवासमोर आली, हातात निरांजन होतं. आधी वाटायचं गोळीची आहे, गोळी गेली की उतरेल. पण ही गोळीची नाही रे. ही वयाची आहे. ही उतरायची नाही."

त्यांनीच हात वर करून किल्ली खुंटीला परत अडकवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं आणि माझ्याच किल्लीकडे बोट दाखवलं. "चल. तू तर काही घेतलेलं नाहीस ना आज?"

"नाही."

"सर्दीचं?"

"नाही, काकू."

माझ्या बायकोचं हेल्मेट चढवून त्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे बसल्या. वळणावर मी दिवा लावला, तर मागून त्यांचा हात बाहेर आला आणि लांब झाला.

बऱ्याच महिन्यांनी हाटात आलेल्या त्या मेथीवाल्याशी भांडल्या, गवारवाल्याशी भांडल्या, आणि मग कोपऱ्यात लिंबांपाशी गेल्या. म्हातारा आता फार म्हातारा झाला होता. त्याने काकूंच्या डोक्याकडे बघितलं. रोजचं हेल्मेट नव्हतं.

"आज गाड़ी नईं लाईं, बाई?"

"छोड़ दी," काकू म्हणाल्या. "नींद आती है अब."

त्याने तीन बोटांनी पाच लिंबं तराजूत टाकली, मग सहावं टाकलं.

"अच्छा किया, बाई," तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली आणि पिशवी पुढे केली.